मनातला गडी

टिपऱ्यांच्या मेळाला आठ गडी लागतात आणि सरावाला पाच येतात. बिदर-कलबुर्गीकडच्या औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांत मेळ शिकवणाऱ्या प्रत्येकाच्या ही अडचण अंगवळणी पडलेली आहे. कुणी हैदराबादला कामाला गेलेला, कुणी पुण्याला, कुणी ऊसतोडीच्या टोळीबरोबर. गावात आहेत त्यांच्यातल्या एकाचा हरभरा काढणीला आलेला. अशा वेळी शिकवणारा एक तर सराव पुढे ढकलतो, नाहीतर आलेल्या पाचांचाच लहान फेर धरतो. सराव ढकलत गेलं की मेळ मोडतो, हे सगळ्यांना कळतं. पाचांचा फेर धरल्याने तो जास्त मोडतो, हे मात्र सणाच्या रात्री कळतं. पायांना पाचांच्या अंतराची सवय लागलेली असते, कुणाची टिपरी कुणाला द्यायची याचा हिशेब पाचांचा झालेला असतो, आणि ऐन वेळी गावी आलेले तिघे आत शिरले की जुने पाचही चुकायला लागतात.

या पुस्तकाने तिसरा मार्ग धरला आहे. आठांची रचना आठांचीच ठेवायची. न आलेल्या तिघांच्या जागा मोकळ्या सोडायच्या. आणि नाच सुरू झाला की त्या मोकळ्या जागांनाही बाकीच्या गड्यांसारखंच फिरवायचं, जोडी द्यायची, वाट द्यायची. न आलेल्या त्या माणसाला या पुस्तकात जागोजागी ‘मनातला गडी’ म्हटलं आहे. त्याला अंग नाही, पण जागा आहे, दिशा आहे, आणि ताल चुकवायची त्यालाही मुभा नाही.

ही कल्पना ऐकायला हवेतली वाटते. जगात एका ठिकाणी तिचं अगदी काटेकोर शास्त्र झालेलं आहे, ते म्हणजे अमेरिकेतला स्क्वेअर डान्स. त्याची थोडी ओळख करून दिल्याशिवाय पुढच्या आकृत्या वाचता येणार नाहीत, म्हणून आधी ती करून देतो.

स्क्वेअर डान्समध्ये चार जोड्या चौकोनाच्या चार बाजूंवर आत तोंड करून उभ्या राहतात. जोडीतली बाई पुरुषाच्या उजव्या हाताला. वाद्याकडे पाठ करून उभी असलेली जोडी पहिली, तिच्या उजव्या हाताची दुसरी, समोरची तिसरी, उरलेली चौथी. बाजूला एक जण माईकवर हुकूम देत असतो, त्याला कॉलर म्हणतात. खरी मजा इथेच आहे. कुठला हुकूम कुठल्या हुकमामागून येणार, हे नाचणाऱ्यांना आधी माहीत नसतं. प्रत्येक हुकमाचा अर्थ पाठ असतो, क्रम पाठ नसतो. इंग्लंडचे खेड्यातले नाच आणि फ्रान्सचा क्वाड्रिल यांतून हा प्रकार अमेरिकेत रुजला. गुलामगिरीच्या काळात फिडल वाजवत हुकूम देणारे पुष्कळसे काळे वादक होते, आणि आजच्या कॉलरच्या कलेत त्यांचा मोठा वाटा आहे. विसाव्या शतकात हा नाच मागे पडत चालला तेव्हा १९२०च्या दशकात मोटारवाल्या हेन्री फोर्डने त्याच्या शिकवण्या चालवल्या. कोलोरॅडोतल्या लॉइड शॉ या शिक्षकाने आपल्या शाळेतल्या मुलांना घेऊन तो गावोगाव दाखवला आणि १९३९ साली ‘काउबॉय डान्सेस’ हे पुस्तक लिहिलं. एका शाळामास्तराने मुलांच्या पायांतून एक मरू घातलेला नाच उभा केला, ही गोष्ट आपल्याकडे लेझीम शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने ऐकावी अशी आहे.

१९७४ साली कॉलर मंडळींची कॉलरलॅब ही संघटना उभी राहिली. तिच्यामुळे हुकूम ठरावीक झाले, त्यांच्या पायऱ्या लागल्या. आधी मेनस्ट्रीम, मग प्लस, मग अ‍ॅडव्हान्स्डच्या दोन पायऱ्या, आणि त्यावर चॅलेंज. जपानमध्ये जा, जर्मनीत जा, हुकूम तेच आणि इंग्रजीतच. त्यामुळे ओसाकाचा माणूस बर्लिनच्या चौकोनात उभा राहून चुकत नाही.

अ‍ॅडव्हान्स्डपासून नाच पायांकडून डोक्याकडे सरकतो. तिथला एक हुकूम असा, की दोन माणसांनी मिळून एक माणूस व्हायचं: शेजारी शेजारी उभ्या दोघांनी हात धरून एकाच गड्यासारखं वळायचं, वाट द्यायची, जागा बदलायची. चॅलेंजमध्ये पुढे-मागे उभ्या दोघांचा एक होतो. आणि त्याच्याही वर गेलं की उलटा हिशेब सुरू होतो. दोघांचा एक करता आला, तर कुणी नाही तिथेही एक मानता आला पाहिजे. या न दिसणाऱ्या नाचणाऱ्याला ते लोक फँटम म्हणतात. चार ओळी आणि चार उभ्या रांगा अशा सोळा घरांचा पट जमिनीवर आहे असं समजा. खरी माणसं आठच. उरलेल्या आठ घरांत फँटम. हुकूम सोळांना सुटतो, आठ जण पाळतात, आणि तरी सोळांची रचना मोडत नाही.

याच सोळा घरांवरच्या दोन रचना पुस्तकात पुढे सविस्तर काढल्या आहेत. पहिलीचं नाव फुलपाखरू: चार कोपऱ्यांत चार गडी आणि मधल्या चार घरांत चार, वरून पाहिलं तर फुली. दुसरी म्हणजे ओ: चारही बाजूंच्या मधल्या दोन दोन घरांत गडी, कोपरे रिकामे, मध्यही रिकामा, वरून पाहिलं तर कडं. दोन्ही रचनांचा नेम एकच. आपण चार-चारांच्या दोन सरळ रांगांत उभे आहोत असं मनात धरायचं, हुकूम त्या रांगांना लावायचा, आणि हुकूम संपताच पुन्हा फुलीत किंवा कड्यात येऊन उभं राहायचं. म्हणजे डोळ्यांना एक रचना दिसते आणि पाय दुसरी रचना नाचत असतात. हे जमलं की काय होतं ते सांगून समजत नाही. चार वेळा फसून पाचव्यांदा आठही जण एकदम योग्य घरात येतात, तेव्हा गड्यांचे चेहरे बघावेत.

आता या विद्येचं मर्म सांगतो. पुस्तकातला पहिला धडा त्यावरच आहे. मनातल्या गड्याची जागा स्थिर नसते, ती चालते. नवशिक्या हेच विसरतो. एका रांगेत चार घरं घ्या. पहिल्या आणि तिसऱ्या घरात खरे गडी, दुसऱ्या आणि चौथ्या घरात मनातले. हुकूम आला, शेजाऱ्याशी जागा बदला. पहिला दुसऱ्या घरात गेला, तिसरा चौथ्यात. मग मनातले गडी कुठे आहेत? दुसऱ्या आणि चौथ्या घरात आता खरी माणसं आलीत. मनातले निघून पहिल्या आणि तिसऱ्या घरात गेले. पुढचा हुकूम, मधल्या दोघांनी जागा बदला. दुसऱ्या घरातला खरा गडी तिसऱ्यात येतो, तिथला मनातला त्याच्या जागी जातो. खरे दोघे आता तिसऱ्या-चौथ्या घरात शेजारी शेजारी आले. पुन्हा शेजाऱ्याशी जागा बदला म्हटलं की हे दोघे एकमेकांशी बदलतात, आणि त्याच ठोक्याला पहिल्या-दुसऱ्या घरातले मनातले दोघे एकमेकांशी बदलतात. बघणाऱ्याला तिथे काही घडलेलं दिसत नाही. घडलेलं मात्र असतं.

शिकवताना पहिल्या दिवशी न आलेल्याच्या जागी दगड ठेवायचा मोह होतो. काही जण चप्पल ठेवतात, काही टिपऱ्यांची जोडी आडवी ठेवतात. ठेवू द्या, पण एकाच हुकमापुरती. दगड चालत नाही. पहिल्याच अदलाबदलीनंतर तो चुकीच्या घरात पडलेला असतो आणि पोरं त्याच्याकडे बघून चुकतात. दगड उचलून टाकला की घर लक्षात ठेवायचं काम डोळ्यांकडून मनाकडे जातं, आणि शिकायला खरी सुरुवात तिथून होते.

हेच टिपऱ्यांच्या फेरात लावून बघू, कारण आपल्या भागातल्या गड्यांना चौकोनापेक्षा फेर जवळचा. आठ जण गोलात. एकाआड एक तोंडं फिरवलेली, म्हणजे चार उजव्या अंगाने निघणार आणि चार डाव्या अंगाने. समोर येईल त्याला टिपरी द्यायची, खांदा चुकवून पुढे जायचं, पुढच्याला द्यायची. चार टिपऱ्या झाल्या की प्रत्येक जण फेराच्या बरोबर समोरच्या टोकाला पोचतो. आठ झाल्या की सगळे आपापल्या जागी. आता डाव्या अंगाने जाणाऱ्यांतला एक आलाच नाही असं धरा. उजव्या अंगाच्या चौघांपैकी दर ठोक्याला नेमक्या एकाची टिपरी हवेत जाते. आठ ठोक्यांच्या पूर्ण फेऱ्यात त्या चौघांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला ती पोकळी दोनदा येते, कमी नाही, जास्त नाही. डोळे मिटून बाहेर उभे राहा: ज्या बाजूने आवाज येत नाही ती बाजू ठोक्यागणिक एक एक घर पुढे सरकताना ऐकू येते. न आलेला गडी फेर धरून चाललेला असतो.

टिपरी हवेत गेली की हात भरकटतो. म्हणून समोरच्याची टिपरी जिथे भेटली असती तिथेच हात थांबवायचा, ही सवय आधी लावावी लागते. काही गडी हवेतल्या ठोक्याच्या वेळी स्वतःच्याच दोन टिपऱ्या एकमेकींवर मारतात. त्याने ताल भरून निघतो आणि कानाला बरं वाटतं, पण मी ती सवय लागू देत नाही. स्वतःवर टिपरी मारताना हात छातीकडे येतो, हाताबरोबर पाऊल आखूड पडतं, आणि दोन फेऱ्यांत गोल आतल्या बाजूला बसायला लागतो. स्क्वेअर डान्सच्या शिक्षकांचीही तक्रार हीच: नाचणारे फँटमची जागा खाऊन टाकतात. आपल्याकडचा म्हातारा शिकवणारा पोरांवर ओरडतो, “त्याची जागा खाऊ नको रे, तो यायचाय अजून!” ओरडणं तेच आहे, भाषा तेवढी वेगळी.

रिकामी जागा राखून नाचण्याची बुद्धी आपल्याकडे नवी नाही. तिचा सगळ्यात सुंदर दाखला रासात आहे. भागवताच्या दहाव्या स्कंधात दर दोन गोपींच्या मध्ये एक कृष्ण उभा राहतो आणि प्रत्येकीला तो आपल्याच जवळ आहे असं वाटतं. रचनेच्या दृष्टीने बघा: सोळा गोपींच्या फेरात बत्तीस जागा झाल्या, आणि त्यांतल्या सोळांवर उभा असलेला एकच. गावच्या उत्सवात रास बसवतात तेव्हा एका मुलाला मोरपीस लावून कृष्ण करतात. मग बाकीच्या पंधरा फटी बुजवून टाकायच्या की राखायच्या? ज्यांना नाचातलं कळतं ते राखतात. हल्लीसक नावाच्या जुन्या नाचाचंही लक्षण असंच दिलं आहे: मंडल करून नाचणाऱ्या स्त्रिया आणि त्यांच्यात गोपींमधल्या हरीसारखा एक नायक. शारदातनयाच्या ‘भावप्रकाशना’त रासकासाठी नर्तिकांची संख्याच सांगितली आहे, सोळा, बारा किंवा आठ. आठाचा आकडा इथेही भेटतो. आठाचे दोन चार होतात, चार दोन होतात, प्रत्येक तुकडा पुन्हा जोडीने उरतो. समूहनृत्य बसवणाऱ्याला याहून सोयीचा आकडा नाही. त्याच्याही कितीतरी आधी नाट्यशास्त्राच्या चौथ्या अध्यायात समूहाच्या रचनांना पिंडीबंध म्हणून त्यांचे चार प्रकार केले आहेत: पिंडी, शृंखलिका, लताबंध आणि भेद्यक. एकत्र गोळा होणं, साखळी करणं, वेलीसारखं गुंफणं, आणि फुटून वेगळं होणं. लेझमीच्या आणि टिपऱ्यांच्या बहुतेक रचना या चारांत कुठेतरी बसतात.

आणि हा सगळा विचार आपल्या उंबऱ्यापर्यंत येऊन पोचलेला आहे, याचा मला फार अभिमान वाटतो. आजचं बसवकल्याण म्हणजे कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ सिद्ध केला. शंभर अध्यायांच्या या ग्रंथात हत्ती, घोडे, स्वयंपाक, रत्नं यांच्याबरोबर गीत, वाद्य आणि नृत्य यांचे विनोदही सविस्तर आले आहेत. पुढे शंभरेक वर्षांनी वरंगळच्या काकतीय गणपतिदेवाचा सेनापती जाय याने ‘नृत्तरत्नावली’ लिहिली. तिच्यात दंडरासक आहे, म्हणजे काठ्या घेऊन केलेला रास, आपल्या टिपऱ्यांचा पूर्वज. आणि तिच्यात गोंडली या नाचाच्या जन्माची कथा आहे. कल्याण नगरीत भूतमातेच्या उत्सवात भिल्लिणीच्या वेषात नाचत-गात असलेली एक बाई सोमेश्वराने पाहिली, तो प्रसन्न झाला, आणि त्याने गोंडली नृत्याची रीत बांधली, अशी ती कथा. अशा बाईला महाराष्ट्रात गोंडिनी म्हणतात, असंही जायसेनापती सांगतो. रस्त्यावरचा नाच बघून राजाला शास्त्र सुचलं, कन्नड राजधानीत ते बांधलं गेलं, त्याला मराठी मुलखातलं नाव मिळालं, आणि ते लिहून ठेवलं तेलुगू देशाच्या सेनापतीने. बिदर-कलबुर्गीच्या सीमेवर आजही नाच असाच तीन भाषांतून येतो जातो.

काठ्यांचा कोलाट इकडच्या कन्नड गावांत आहे आणि मराठी गावांतही आहे. गोफाच्या दोऱ्या बांधून तो खेळला की त्याला जडे कोलाट म्हणतात. तेलंगणाला लागून असलेल्या भागात बतुकम्माच्या फुलांभोवती बायकांचा फेर धरला जातो. पंचमीला मराठी घरांतल्या लेकी माहेरी येऊन फेर धरतात. तांड्यांवर लंबाणी बायका तीजेला गोलात नाचतात. मोहरमात अलाव्याभोवती हिंदू-मुसलमान दोघेही फेर धरून अलाई खेळतात. यांतले बरेच फेर कशाच्या तरी भोवती आहेत: फुलांभोवती, टोपलीत उगवलेल्या गव्हाभोवती, विस्तवाच्या खड्ड्याभोवती. फेर धरताना मध्य कुणी ओलांडत नाही. जागा राखायचा पहिला धडा इथल्या पोरांना चालता येऊ लागल्यापासून मिळतो.

वारीतलं उदाहरण तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचं. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यात रथापुढे सत्तावीस दिंड्या आणि मागे बाकीच्या, प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला, जागा ठरलेली. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं, पुढे वाटेत गोल रिंगणं होतात. दिंड्या गोल करून उभ्या राहतात आणि मधल्या मोकळ्या धावेवर दोन घोडे सुटतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार. दुसरा माउलींचा अश्व, त्याच्यावर कुणी बसत नाही, कारण त्याच्यावर माउली बसलेल्या आहेत. हजारो माणसांच्या रचनेतली सगळ्यात महत्त्वाची जागा रिकामी असते, आणि ती रिकामी आहे असं तिथल्या एकाच्याही मनात येत नाही. हे घोडे येतात तेही कर्नाटकातून, बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांकडून. कलबुर्गी जिल्ह्यात गाणगापूरला तर दुपारची भिक्षा रोज अशाच एकासाठी असते. नृसिंह सरस्वती गुप्त रूपाने माधुकरीला येतात या श्रद्धेने तिथे दारात आलेल्या कुणालाही विन्मुख पाठवत नाहीत.

श्रद्धेची आणि नाचाच्या तंत्राची मी गल्लत करतो आहे असं कुणाला वाटेल. माउलींचा अश्व भक्तीचा विषय आहे, आणि सोळा घरांच्या पटावरचा फँटम बुद्धीचा खेळ. हे मला मान्य आहे. पण फेर धरणाऱ्याला दोन्हीकडे करावं लागतं ते काम एकच असतं: डोळ्यांना कुणी दिसत नाही तिथे अंग घालायचं नाही, आणि जो दिसत नाही त्याच्या हालचालीशी आपली हालचाल जुळवून घ्यायची. ज्या मुलखात ही सवय श्रद्धेने लावलेली आहे, तिथे हे तंत्र शिकवणं मला सोपं गेलं.

एक फरक मात्र मोठा आहे, आणि हे पुस्तक त्या फरकापायीच लिहावंसं वाटलं. स्क्वेअर डान्सच्या फँटमला नाव नसतं. दोन फँटमनी एकमेकांशी जागा बदलली काय आणि न बदलली काय, खऱ्या नाचणाऱ्यांना फरक पडत नाही. आपल्या मेळातल्या रिकाम्या जागेला नाव असतं. चौथ्या घरातला गडी मिस्त्रीकाम करायला हैदराबादला गेलाय, सातव्या घरातला पुण्याच्या कंपनीत आहे. दोघेही सणाला येणार आहेत. आणि आले की सरळ आपल्या घरात शिरणार आहेत. म्हणून मघाशी सांगितलेली ती कुणाला न दिसणारी अदलाबदल इथे फार मोलाची. चौथा कुठे पोचलाय आणि सातवा कुठे, हे पाचही जणांना ठाऊक असेल, तरच रात्री आलेल्या माणसाला सकाळच्या सरावात खांद्याला धरून सांगता येतं, तू इथून नीघ.

सीमेवरच्या गावांना अशी नावं लक्षात ठेवावीच लागली आहेत. हैदराबाद राज्यातला बिदर जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ला तीन ठिकाणी वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले आणि आता महाराष्ट्रात आहेत. जहिराबाद, नारायणखेड आंध्रात गेले आणि आता तेलंगणात आहेत. बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेले. सोयरीक, जत्रा, बाजार आणि मेळ यांनी ही वाटणी कधी मनावर घेतली नाही. औरादच्या मेळातला एक गडी उदगीरचा भाचा असतो, एक नारायणखेडचा जावई. शाळांचं मात्र तसं झालं नाही. सीमेवरच्या मराठी शाळांत पट कमी झाला की स्नेहसंमेलनाला सोळांची लेझीम बसवायला पोरं पुरत नाहीत, आणि शिक्षक रचनाच सोडून देऊन चार मुलांना गाण्यावर नाचवतात. त्या शिक्षकांसाठी या पुस्तकातला मधला भाग आहे. सोळांची रचना आठ मुलांत, आठांची चार मुलांत, मनातले गडी धरून कशी बसवायची, ते त्यात घराघराने दाखवलं आहे. चार मुलं आठांची रचना पुरती शिकली, की पुढच्या वर्षी आणखी चौघं येतील तेव्हा त्यांना शिकवायला मास्तर लागत नाही.

हे तंत्र जिथे चालत नाही, ते इथेच सांगतो. गोफ त्याला अपवाद आहे. वरून सोडलेल्या रंगीत दोऱ्या हातात घेऊन एकाआड एक गडी आत-बाहेर जातात, दोऱ्यांची वेणी होते, आणि उलट पावलांनी तीच वेणी सोडवायची असते. गोव्यात शिगम्याला काणकोणकडचे गडी गोफ विणतात तेव्हा विणण्याइतकंच सोडवणं बघण्यासारखं असतं. इथे दोरी खऱ्या हातात लागते. मनातल्या गड्याच्या हातची दोरी लोंबत राहते, वेणीला भोक पडतं, आणि सोडवताना गाठ बसते. गडी विषम असले तर पहिल्या फेरीतच दोन दोऱ्या एकाच अंगाने जातात. गोफाची पावलं जमिनीवर दोऱ्यांशिवाय शिकताना मनातले गडी खुशाल धरा. दोऱ्या बांधल्या की धरू नका. त्या दिवशी पुरते गडी नसतील, तर दोऱ्या बांधूच नका.

आकृत्यांबद्दल दोन शब्द. भरीव ठिपका म्हणजे खरा गडी, पोकळ ठिपका म्हणजे मनातला. ठिपक्याला जोडलेली छोटी रेघ म्हणजे त्याचं नाक कुठल्या दिशेला आहे ते. पोकळ ठिपक्यांनाही नाक काढलं आहे, ते मुद्दाम. मनातला गडी कुठे तोंड करून उभा आहे हे विसरलं की पुढचा हुकूम कुठल्या हाताने द्यायचा तेच कळत नाही, आणि नव्या मेळांची जास्तीत जास्त पडझड इथेच होते. हुकमांची नावं मी मराठीत केली आहेत. ज्या गावांत कन्नड शब्द तोंडी आहेत तिथे तेच ठेवावेत. हुकूम एका अक्षराइतका लवकर उमगला पाहिजे. कुठल्या भाषेत उमगला याचं नाचाला काही देणंघेणं नाही.

पहिले चार धडे चौघांत होतात. शाळांसाठीचा मधला भाग सोडला, तर पाचव्यापासून निदान पाच जण हवेत, नाहीतर मनातल्या गड्यांची संख्या खऱ्यांइतकी किंवा जास्त होते आणि ताल कुणी धरायचा तेच ठरत नाही. फुलपाखरू आणि ओ नवव्या धड्यात आहेत; ते आधी भर आठांत करा, मग एकेक गडी बाहेर बसवत जा. बाहेर बसलेल्याला मोकळं सोडू नका. त्याने आपल्या स्वतःच्या घरावर नजर ठेवायची, आणि हुकूम थांबला की बोट करून सांगायचं, मी आत्ता कुठे आहे. त्याचं बोट आणि आतल्यांनी सोडलेली जागा एक निघाली, की दहाव्या धड्याकडे वळायला हरकत नाही.